घरात धुरी दिली की नेमकं काय शुद्ध होतं?

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये एखादं कुटुंब राहायला जातं. वास्तुशांत होते, आणि त्याच आठवड्यात घरातली मुलगी मोबाइलवरून वाळलेल्या, पांढुरक्या पानांची एक जुडी मागवते. पाकिटावर ‘व्हाइट सेज’ असं लिहिलेलं असतं. ही जुडी पेटवून घरभर फिरवा, नकारात्मक ऊर्जा निघून जाईल, हवा शुद्ध होईल, ९४ टक्के जंतू मरतील, असं विकणारा सांगतो. आईने तोवर जांभळी नाक्यावरून गुग्गुळ आणि ऊद आणून ठेवलेला असतो. संध्याकाळी दिवेलागणीला ती धुपाटण्यात निखारे घालून सगळ्या खोल्यांतून फिरते. आईला मुलीची जुडी परकी वाटते, मुलीला आईचं धुपाटणं जुनाट वाटतं. फुप्फुसांच्या दृष्टीने मात्र दोघी एकच गोष्ट करत असतात.

दरवर्षी हिवाळा लागला की ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेचे आकडे बातम्यांत येतात, आणि त्यासोबत हा प्रश्न हमखास विचारला जातो: बाहेरची हवा एवढी खराब आहे, तर दारं-खिडक्या लावून घरात कडुनिंब, कापूर, लोबान जाळावं का? माझं उत्तर आधीच सांगते. अशा विधीने माणसाचं मन खरोखर हलकं होऊ शकतं, आणि त्याला आधार आहे. हवा मात्र त्याने स्वच्छ होत नाही, उलट ती बिघडते. ही दोन कामं वेगवेगळी आहेत हे एकदा समजलं की विधी सोडावा लागत नाही आणि छातीही बिघडत नाही. त्यासाठी आधी धुरात काय असतं ते पाहू.

धुरात असतं काय?

वाळलेलं पान किंवा डिंक भडकून जळतो तेव्हा धूर कमी होतो. धुरी देताना आपण ज्योत मुद्दाम विझवतो आणि पदार्थ धुमसत ठेवतो, म्हणजे त्याला पुरेसा प्राणवायू मिळू देत नाही. जळण अर्धवट राहतं, आणि अर्धवट जळण्याचं उत्पादन म्हणजेच धूर. त्यात वासाची तेलं असतात, ती आपल्याला हवी असतात. पण त्यांच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन अशी रसायनं आणि डोळ्यांना एकेकटे न दिसणारे कण येतात.

हे कण ‘पीएम २.५’ या नावाने ओळखले जातात. व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. नाकातले केस आणि घशातला चिकटा मोठी धूळ अडवतात. हे कण त्यांना चुकवून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात, आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. दमा, जुना खोकला, हृदयविकार यांच्याशी त्यांचा संबंध पक्का झालेला आहे.

‘पण हे तर नैसर्गिक आहे’ हा युक्तिवाद इथेच गळून पडतो. तंबाखूही पानच आहे आणि चुलीतलं लाकूडही झाडाचंच आहे. स्वयंपाकाच्या चुली आणि तसल्या इंधनांच्या धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोज तास-न्-तास चुलीपुढे बसणं आणि आठवड्यातून एकदा धूप करणं यांत फार मोठा फरक आहे, हे उघड आहे. फरक प्रमाणाचा आहे. जुडी औषधी असली म्हणून धुराचा प्रकार बदलत नाही.

एक ग्रॅम धूप, एक बेडरूम

प्रमाणाचा प्रश्न आकड्यांनीच सुटतो, म्हणून एक सोपा हिशोब करू.

आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम बहुतेकदा १० फूट बाय १२ फुटांची असते, उंची साधारण ९ फूट. तिच्यात सुमारे ३० घनमीटर हवा मावते. अगरबत्तीसारखे सुगंधी पदार्थ जाळल्यावर एका ग्रॅममागे सुमारे ४५ मिलिग्रॅम कण हवेत जातात, असा आकडा वैद्यकीय लेखांत वारंवार येतो. त्याच तुलनेत सिगारेटचा आकडा एका ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम आहे. प्रत्येक वनस्पतीचा आकडा थोडा वेगळा असणार, पण अंदाजाला हा चालेल.

आता बंद बेडरूममध्ये एक ग्रॅम धूप जाळला तर ४५ मिलिग्रॅम कण ३० घनमीटर हवेत पसरतील, म्हणजे दर घनमीटरला दीड मिलिग्रॅम, अर्थात १५०० मायक्रोग्रॅम. आपल्या देशाचं २००९ सालचं मानक सांगतं की पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली.

काही क्षणांच्या आकड्याची तुलना दिवसभराच्या सरासरीशी करणं योग्य नाही, म्हणून पुढचं पाऊलही टाकू. मोरीत बादली ओतली आणि जाळीत केस अडकलेले असले की पाणी तुंबून राहतं, जाळी मोकळी असली की भसाभस निघून जातं. धुराचंही असंच आहे: किती ओतला यापेक्षा किती वेगाने बाहेर गेला यावर तुमचा त्रास ठरतो. खिडक्या लावलेल्या खोलीत तासाला साधारण एकदा हवा बदलते असं धरलं, तर त्या एका ग्रॅममुळे त्या खोलीची २४ तासांची सरासरी सुमारे ६२ मायक्रोग्रॅमने वाढते. म्हणजे एका चिमटीने दिवसभराची सगळी मर्यादा संपली. समोरासमोरच्या खिडक्या उघडून, पंखा लावून तासाला सहा वेळा हवा बदलली, तर तीच वाढ सुमारे १० वर येते. पदार्थ तोच, प्रमाण तेच, फरक फक्त खिडकीचा.

यातली गोम एसीमध्ये आहे. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही; खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. ‘धूप केला आणि एसी लावला, आता हवा ताजी आहे’ ही समजूत मी कितीतरी घरांत ऐकली आहे. एसी चालू म्हणजे खिडक्या बंद, आणि खिडक्या बंद म्हणजे तासाला एकदाही हवा बदलेल याची खात्री नाही.

बाजारात मिळणारे धुपाचे कप, सांब्राणीचे कप किंवा जाड कांड्या एक ग्रॅमच्या नसतात. त्या काही ग्रॅमच्या असतात, आणि त्यांत बहुधा कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि सुगंधी रसायनं मिसळलेली असतात. डिंकाचा अंश थोडाच.

‘पण ९४ टक्के जंतू मरतात, हे संशोधन आहे’

संशोधन आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते २००७ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी बंद खोलीत लाकूड आणि हवनसामग्री तासभर जाळली आणि हवेतल्या जिवाणूंची संख्या मोजली. तासाभरात ती ९४ टक्क्यांहून अधिक घटली, आणि खोली बंद ठेवल्यावर हा परिणाम २४ तासांपर्यंत टिकला. यात काही खोटं नाही.

या प्रयोगात पांढरा सेज नव्हताच. तरी जगभरातले सेज विकणारे हाच आकडा आपल्या जुडीवर छापतात. हवनसामग्रीचं श्रेय असं कॅलिफोर्नियातल्या झुडपाला जाताना पाहून मला वाईट वाटतं. पण आपण तोच आकडा आपल्या धुपासाठी वापरायचा म्हटलं तरी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली म्हणजे काय मोजलं गेलं. हवेत तरंगणारे जिवाणू घटले हे मोजलं. खोलीतली माणसं कमी आजारी पडली का, हे त्या प्रयोगात नव्हतं. आपल्या घरच्या हवेतले बहुतेक जिवाणू आपल्याला काही करतही नाहीत. घरातल्या सर्दी-तापाला बहुतेकदा विषाणू कारण असतात, आणि तेही जवळच्या माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून येतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जंतू मरतात ते कशाने? धुरातल्या फॉर्माल्डिहाइडसारख्या रसायनांचा त्यात हात असतो. रुग्णालयातली शस्त्रक्रियेची खोली निर्जंतुक करायला पूर्वी फॉर्मालिनची वाफ वापरत, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्माल्डिहाइडचीच. खोली सीलबंद करायची, माणसं बाहेर काढायची, दुसऱ्या दिवशी हवा पूर्ण खेळवूनच आत जायचं, अशी पद्धत होती. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं हे आता मान्य झालेलं आहे, आणि ती पद्धतही मागे पडत गेली. जंतूंना मारणारा धूर माणसाला ओळखून बाजूला सरकत नाही. लखनौच्या प्रयोगासारखा परिणाम हवा असेल तर बंद खोलीत तासभर लाकूड जाळावं लागेल आणि तेव्हा आत कुणी थांबता कामा नये.

सुश्रुतांनी सांगितलेली धुरी

आयुर्वेदाला हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाच्या खोलीसाठी धुरी सांगितली आहे: मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ, दिवसातून दोनदा, दहा दिवस. काश्यपसंहितेत धुपांवर स्वतंत्र अध्याय आहे. मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकणाऱ्या आपल्या घरोघरच्या बायांना ही यादी ओळखीची वाटेल.

पण पाहा, तिथे कारण ठरलेलं आहे, रुग्ण ठरलेला आहे, मात्रा आणि दिवसही ठरलेले आहेत. उघड्या जखमेत जंतू शिरून माणूस मरायचा अशा काळात, प्रतिजैविकं नसताना, धुराचा थोडा त्रास सोसून जखम वाचवणं हा शहाणपणाचा सौदा होता. आज घणसोलीच्या वन बीएचकेमध्ये, कुणालाही जखम नसताना, रोज संध्याकाळी तोच धूर करण्याला सुश्रुतांचा दाखला देता येत नाही. औषध म्हटलं की मात्रा आली.

मग मला बरं का वाटतं?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धूप फिरवल्यावर घर निवळल्यासारखं वाटतं, हा असंख्य लोकांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही.

त्यात एक भाग वासाचा आहे. नाकातून आलेली खबर मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचते. डोळ्यांना किंवा कानांना एवढा थेट रस्ता नाही. उदाचा वास आला की गणपतीतली आरती आठवते, आजोळ आठवतं, आणि शरीर सैल पडतं. धुपाच्या काही डिंकांत मेंदूवर काम करणारे घटकही सापडले आहेत. २००८ साली एका प्रयोगात सालईच्या कुळातल्या झाडाच्या डिंकातला असाच एक घटक उंदरांना दिल्यावर त्यांची भीती कमी झाल्याचं दिसलं. मात्र तो शुद्ध घटक होता आणि टोचून दिलेला होता, त्यामुळे माणसाने धूर हुंगल्यावर तसंच होईल असं त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरा भाग विधीचा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला सांगितलं. त्याआधी काहींकडून एक छोटा विधी करून घेतला: मनात काय चाललंय ते कागदावर रेखाटा, त्यावर मीठ भुरभुरा, मोठ्याने पाचपर्यंत मोजा, कागद चुरगाळा आणि टाकून द्या. हा विधी केलेल्यांची धास्ती कमी झाली आणि ते गायलेही चांगले. विशेष म्हणजे याच कृतींना ‘विधी’ न म्हणता नुसत्या ‘काही हालचाली’ म्हटलं, तर फायदा दिसला नाही. ठरलेला क्रम, ठरलेली वस्तू आणि ‘मी आता काहीतरी मागे टाकते आहे’ ही भावना, यांनी मनाला दिलासा मिळतो.

त्या प्रयोगात कुठेही धूर नव्हता.

घटस्फोटानंतर, घरातलं कुणी गेल्यानंतर, लांबलेल्या आजारपणानंतर, किंवा पूर्वीच्या भाडेकरूच्या खाणाखुणा असलेल्या फ्लॅटमध्ये पाय ठेवताना माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. ते करावंच. शुभ-अशुभाचा हिशोब मांडायला मी बसलेली नाही. त्या कृतीतला गुण धुराच्या मात्रेवर अवलंबून नाही, एवढंच मला ठामपणे सांगायचं आहे. चिमटीभर ऊद आणि पूर्ण कप, मनाचं काम दोन्हींनी सारखंच होतं.

पांढरा सेज कुणाचा?

पांढरा सेज हे तुळशीच्याच कुळातलं झुडूप. ते जंगली अवस्थेत दक्षिण कॅलिफोर्निया आणि लगतच्या मेक्सिकोच्या पट्ट्यात उगवतं, जगात इतरत्र नाही. कुमेयाय, काहुइला, चुमाश अशा तिथल्या मूळ लोकांसाठी ते औषध आहे, अन्न आहे, आणि प्रार्थनेचा भाग आहे. ते कधी तोडायचं, किती तोडायचं, झुडपाला काय म्हणून तोडायचं, याचे त्यांचे नियम आहेत. वनस्पतीचा धूर अंगावरून फिरवण्याची रीत उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूळ समाजांत आहे. मात्र प्रत्येकाची वनस्पती आणि प्रार्थना वेगळी.

याच लोकांच्या विधींवर अमेरिकेच्या सरकारने १८८३ सालापासून नियम करून बंदी आणली होती. त्यांच्या वैद्यांना आणि नाचांना शिक्षा होत असे. त्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा व्हायला १९७८ साल उजाडलं. आज तेच झुडूप जगभर विकलं जातं आणि त्यासाठी राखीव टेकड्यांवरून पोत्यांनी चोरलं जातं. वारकऱ्यांवर अभंग म्हटल्याबद्दल शंभर वर्षं दंड बसला असता आणि नंतर त्यांच्याच तुळशीमाळा परदेशातल्या दुकानांत ‘शांतीचा हार’ म्हणून विकल्या गेल्या असत्या, तर आपल्याला काय वाटलं असतं, याचा विचार मागवण्यापूर्वी करावा.

आपला गुग्गुळही निर्दोष नाही. राजस्थान, कच्छच्या कोरड्या भागातलं हे काटेरी झाड. डिंक भरपूर यावा म्हणून त्याला खोल चिरा पाडतात, आणि झाड वाळून जातं. जगातल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ते आज अतिसंकटग्रस्त वर्गात आहे, म्हणजे नष्ट होण्याच्या अगदी जवळ. दुकानात फार स्वस्त ‘गुग्गुळ’ मिळत असेल तर त्यात राळ आणि रंग असण्याचीच शक्यता जास्त. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात सालईची झाडं आहेत, तिचा डिंकही धुपाला चालतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला तर सोसायटीच्या आवारात झाडून टाकला जातो. ज्याला धूप करायचाच आहे त्याने दूरचं काही मागवण्याची गरज नाही.

‘आजीच्या घरात तर रोज धूप असायचा’

असायचाच. पण घर कसं होतं? चरई, खारकर आळीतले जुने वाडे असोत किंवा दिवाळे, सारसोळ्यातली आगरी-कोळ्यांची घरं, छप्पर कौलांचं. कौलांच्या फटींतून, वाश्यांच्या खालून, मागच्या-पुढच्या सताड उघड्या दारांतून वारा खेळायचा. तेवढा धूर त्या घरात टिकतच नसे. आजचा फ्लॅट काँक्रीटचा आहे, खिडकीला घट्ट सरकत्या काचा आहेत, बाल्कनी आत घेतलेली आहे, आणि बाथरूमच्या झरोक्याला कबुतरांसाठी जाळी ठोकलेली आहे. विधी तोच राहिला, घर बदललं.

आणि आजीला काही झालं नाही, हेही पुरतं खरं नाही. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या कितीतरी बायका म्हातारपणी चार पायऱ्या चढताना धापा टाकत होत्या. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं गेलं.

बाळ-बाळंतिणीची धुरी

इथे मी हात जोडून सांगते: तान्ह्या बाळाला धुरी देऊ नका.

न्हाऊ-माखू घातल्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यांवर टाकून बाळाला त्या धुरावर धरण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. करणाऱ्या मावशी प्रेमानेच करतात. त्यामागची गरजही खरी होती: पावसाळ्यात ओल्या भिंतींच्या घरात न्हालेलं बाळ गारठू नये, केस लवकर वाळावेत. पण नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेतं, मोठं माणूस १२ ते २०. आपल्या वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं. त्याच्या फुप्फुसातले फुगे जन्मानंतरही वाढत असतात. त्याला तोंड फिरवून दूर जाता येत नाही, आणि ते खोकतंही क्षीण.

ऊब हवी असेल तर आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून वर पांघरूण घेणं, हे सर्वांत चांगलं. कोरडं, मऊ दुपटं आणि टोपरं पुरतं. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी. खाटेखाली शेगडी ठेवू नये, कारण बंद खोलीतल्या धुमसत्या कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून किंवा रंगावरून कळत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्याचं कारण हेच.

कापराबद्दलही सावध. दोन वर्षांखालच्या मुलांना तो चोळू नये, हुंगवू नये, आणि वड्या त्यांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत. थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

मिरच्यांनी दृष्ट काढायची असेल तर ओवाळून झाल्यावर त्या न जाळता टाकून द्याव्यात. खकाणा उठला नाही म्हणजे दृष्ट जबर होती असं मानतात, पण मिरची भडक ज्योतीवर पटकन जळली की ठसका कमी लागतो आणि नुसती धुमसली की घरभर खोकला होतो. दम्याच्या माणसाला तेवढ्याने अटॅक येऊ शकतो.

डास, प्युरिफायर आणि बाहेरची हवा

खाडीकाठी राहणारे म्हणतील, धुराने डास तरी जातात. जातात, थोडा वेळ. मात्र धूर विरला की ते परत येतात, म्हणून मग कॉइल लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले. खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी यांना पर्याय नाही.

एअर प्युरिफायर असेल तर तो कण पकडतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ निघून जातो.

‘खिडकी उघडली तर बाहेरचंच प्रदूषण आत येईल’ ही शंका मात्र रास्त आहे. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या शेजारी, कोपरखैरणे-तुर्भ्याला रात्री उग्र वास येतो हे तिथल्या रहिवाशांना सांगावं लागत नाही. घोडबंदरला बांधकामांची धूळ आहे. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री थंड हवा खाली दबून राहते, प्रदूषण तिच्यात अडकतं. दुपारी ऊन तापलं की हवा वर चढते आणि कण पांगतात. म्हणून खिडक्या उघडायला दुपार चांगली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा आकडा पाहता येतो. मात्र आत धूर केलेला असेल तेव्हा हा विचार करू नये. बाहेर शंभर मायक्रोग्रॅम असले आणि आत हजार असले, तर खिडकी उघडण्यात फायदाच आहे.

करायचीच असेल तर

आधी घर झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. जुन्या धुळीत माइट नावाचे अतिसूक्ष्म किडे, केस, परागकण असतात. ते काढल्याने घराची हवा खरोखर सुधारते. मग समोरासमोरच्या खिडक्या उघडा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा. दमा, हृदयविकार असलेली माणसं, गरोदर स्त्री, लहान मुलं आणि पिंजऱ्यातले पक्षी यांना आधीच दुसरीकडे न्या. पक्ष्यांना धुराचा त्रास आपल्याआधी होतो.

धूप चिमटीभर घ्या. जळता कोळसा टाळता आला तर उत्तम. नसेल टाळायचा तर करवंटीचा छोटा निखारा पुरे, आणि तो घराबाहेर किंवा बाल्कनीत लाल होऊ द्यावा. धुपाटण्याच्या तळाशी वाळू घाला. एकदा सगळ्या खोल्यांतून फिरवा, मनात जे म्हणायचं ते म्हणा, आणि धुपाटणं बाल्कनीत नेऊन निखारा पाण्याने विझवा. ‘विझलाच असेल’ म्हणून केराच्या डब्यात टाकू नका. खोलीत अर्धा-पाऊण तास कुणी बसू नये.

धूर नकोच असेल तर क्रम तोच ठेवून साधन बदला. आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडा. तुळशीची पानं चुरगाळून ओंजळीत हुंगा. खडे मीठ घातलेल्या पाण्याने उंबरठ्यापासून लादी पुसा आणि ते पाणी घराबाहेर ओता.

नव्या टॉवरमध्ये छताला धुराचा सेन्सर असतो. धुरी देताना त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणारी घरं मला माहीत आहेत, आणि ती पिशवी नंतर कित्येक दिवस तशीच राहते. असं कधीही करू नका. सेन्सर वाजेल एवढा धूर होत असेल तर तो श्वासासाठीही जास्तच आहे.

धुरीनंतर कुणाला डोकं जड वाटलं, मळमळलं, गरगरलं, किंवा घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी असं झालं, तर दमल्यासारखं वाटत असेल म्हणून झोपवू नका. कार्बन मोनॉक्साइडची हीच सुरुवातीची लक्षणं आहेत. सगळ्यांना ताबडतोब घराबाहेर, मोकळ्या हवेत आणा, दारं-खिडक्या उघड्या टाका आणि १०८ ला फोन करा. फोनवर ‘घरात निखारे होते’ हे पहिल्यांदा सांगा.